आधी रेषा, मग पाणी, मग भिंत

प्लॉटची खरेदी झाली, सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर नाव लागलं, की घराचा नकाशा मंजूर व्हायच्या आधीच बहुतेक जण वॉल कंपाउंडचं काम काढतात. त्यामागचं कारण रास्त आहे. मोकळ्या प्लॉटवर कुणीतरी राडारोडा आणून टाकतं, कुणी टपरी उभी करतं, शेजारी बांधकाम चालू असेल तर वाळू आणि विटा हमखास आपल्याच जागेत उतरतात. आयुष्यभराची बचत ज्या दीड-दोन गुंठ्यांत घातली, त्यांच्याभोवती काहीतरी पक्कं उभं असावं असं वाटणं साहजिक आहे.

पण भिंत ही या कामाची शेवटची पायरी आहे, आणि आपण नेमकी तिच्यापासून सुरुवात करतो. कुंपणावरून शेजाऱ्यांत वाद पेटतो तेव्हा तो बहुतेक वेळा रेषेवरून असतो, म्हणजे भिंत नेमकी कुठे घातली यावरून. कुंपणाची भिंत कोसळून माणसं दगावतात तेव्हा कारण बहुतेक वेळा भिंतीमागे साचलेलं पाणी असतं. उंची, फाटक, परवानगी यांचे नियम मोजके आहेत आणि ते पाळायला फार कष्ट पडत नाहीत. कष्ट रेषेला आणि पाण्याला पडतात, म्हणून या लेखातही जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेस प्लॉट नंबर बारा, दक्षिणेस नऊ मीटर रुंदीचा रस्ता, वगैरे. ती वाचून शेजारी कोण ते कळतं, त्याची हद्द कुठे संपते ते कळत नाही. क्षेत्रही दिलेलं असतं, पण क्षेत्र अगदी बरोबर असूनही अख्खा प्लॉट दोन फूट सरकलेला असू शकतो. मंजूर लेआउट असेल तर प्रत्येक बाजूचं माप नकाशावर असतं आणि कोपऱ्यांवर दगड रोवलेले असतात. पुढे रस्त्याचं काम निघतं, जेसीबी फिरतो, शेजारचा पाया खोदला जातो, आणि हललेला दगड कुणीतरी अंदाजानं परत बसवतं. एका रांगेत दहा प्लॉट असतील आणि पहिल्याची भिंत अर्धा फूट पुढे गेली, तर प्रत्येक जण शेजारच्या भिंतीपासून टेप लावून आपली जागा मोजून घेतो आणि तो अर्धा फूट शेवटच्या प्लॉटच्या अंगावर जाऊन पडतो. मधल्या आठ जणांचं माप बरोबरच भरतं. शेजाऱ्याच्या भिंतीपासून टेप लावून आपली हद्द ठरवू नये, ते याच कारणानं.

शेतातून पाडलेल्या प्लॉटांत अडचण आणखी जुनी आहे. मुंबई इलाख्यातली मूळ जमीनमोजणी ३३ फुटी साखळीनं झाली. साखळीचे १६ आणे पाडलेले होते, म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंचाचा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे झाले की एकर. भूमि अभिलेख कार्यालयातल्या जुन्या टिपणांवर आजही मापं साखळी-आण्यांत लिहिलेली दिसतात. पाच-दहा एकरांच्या शेताचा सारा ठरवायला ही मापं उत्तम होती. त्याच शेताचे पुढे दीड-दीड गुंठ्याचे तुकडे झाले, त्यांवर बंगले उभे राहिले, आणि आता नऊ इंची भिंत कुठे येते याचं उत्तर आपण त्या टिपणाकडे मागतो. जुनी मोजणी चुकीची होती असं मुळीच नाही. इंचांचा हिशेब तिच्याकडे त्या काळी कुणी मागितलाच नव्हता.

म्हणून भिंतीआधी मोजणी. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये हद्दी आणि हद्दीच्या खुणांचं स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यातल्या कलम १३६ नुसार हितसंबंध असलेल्या कुणालाही अर्ज करून आपल्या भूमापन क्रमांकाची किंवा पोटहिश्श्याची हद्द आखून मागता येते. रोजच्या बोलीत आपण याला 'हद्द कायम मोजणी' म्हणतो. अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमि अभिलेख कार्यालयाकडे जातो आणि तो आता ई-मोजणीवरून ऑनलाइन भरता येतो. फी जागेच्या क्षेत्रावर आणि मोजणी नियमित हवी की द्रुतगती यावर ठरते.

अर्जात एक रकाना लोक कंटाळून भरतात: लगतच्या कब्जेदारांची नावं आणि पत्ते. तोच सगळ्यात काळजीनं भरायचा. मोजणीची नोटीस या पत्त्यांवर जाते. शेजारच्या प्लॉटचा मालक नोकरीनिमित्त परगावी असेल, मूळ मालक वारला असून वारसांची नावं लागायची असतील, तर त्यांचा पत्ता शोधून काढण्यात आठ-पंधरा दिवस गेले तरी चालतील. नोटीस न मिळालेल्या शेजाऱ्याच्या मागे झालेली मोजणी कागदावर कितीही बरोबर असली तरी उद्या तो पहिला आक्षेप हाच घेणार की मला बोलावलंच नाही.

मोजणीच्या दिवसाची तयारी साधी आहे. प्लॉटच्या कडेचं गवत आणि झुडपं काढून ठेवायची, जुने दगड सापडत असतील तर ते उघडे करायचे (उपटायचे मात्र नाहीत), चुन्याची फक्की, लोखंडी खुंट्या आणि रोवायला दगड आणून ठेवायचे. भूकरमापक येतात तेव्हा आता त्यांच्या हातात बहुधा रोव्हर असतो. एक उंच दांडा, त्याच्या टोकाला उपग्रहाचे संकेत घेणारी बशी. उपग्रहाच्या संकेतात होणारी चूक दुरुस्त करून देणारी ७७ कायम केंद्रं महाराष्ट्रात उभारलेली आहेत, त्यामुळे दांडा टेकवलेली जागा काही सेंटिमीटरच्या आत निश्चित होते. दांडा आधी जागेवर दिसणाऱ्या खुणांवर फिरतो: शेजारची भिंत, विजेचा खांब, विहीर, रस्त्याची कड. याला वहिवाट घेणं म्हणतात. मग या वहिवाटीवर अभिलेखातला नकाशा बसवला जातो आणि कागदाप्रमाणे हद्द कुठून जाते ते जमिनीवर दाखवलं जातं. खरा ताण इथेच येतो.

"साहेब, आमची भिंत पंधरा वर्षांची आहे. ती कशी चुकेल?" शेजारचे काका विचारतात.

"काका, भिंत कुठे आहे ते मी मोजलंय. हद्द कुठे आहे ते रेकॉर्ड सांगतं. मी दोन्ही रेषा नकाशावर दाखवणार, तुमचं काय म्हणणं आहे ते जबाबात लिहून द्या."

हे उत्तर अगदी बरोबर आहे. भिंत पाडायला लावणं हे भूकरमापकाचं काम नव्हे. वहिवाट आणि हद्द यांत फरक असेल तर तो नकाशावर वेगवेगळ्या रेषांनी दिसतो, आणि हा नकाशा, म्हणजे 'क' प्रत, अर्जदाराला मिळतो. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी मागता येते. ती उपअधीक्षक स्वतः करतात, आणि त्यावरही हरकत असेल तर जिल्हा अधीक्षकांकडे सुपर निमताना. दोन्ही बाजूंनी मोजणी मान्य केली तर त्याच दिवशी, सगळ्यांच्या समोर, दगड रोवून फोटो काढून घ्यावेत. 'उद्या रोवू' म्हटलेले दगड पुढे वादात रुततात. शिवाय रोवलेली खूण शाबूत ठेवण्याची जबाबदारी जमीन महसूल अधिनियमानंच जमीनधारकावर टाकलेली आहे, आणि हद्दीच्या खुणेची नासधूस हा दंडास पात्र गुन्हा आहे.

गावठाणात घर असेल तर सातबारा नसतो, मिळकत पत्रिका असते, आणि बऱ्याच गावांत तीही नव्हती. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजली जात आहेत. ड्रोन उडण्याआधी प्रत्येक मिळकतीच्या कडेनं चुन्यानं रेषा मारतात, वरून फोटो घेतले जातात आणि नंतर चौकशी होऊन पत्रिका तयार होते. आपल्या गावात हे काम अजून व्हायचं असेल तर चुना मारायच्या दिवशी घरातलं कुणीतरी जाणतं माणूस जागेवर हजर हवंच. मोकळी सोडलेली परसदाराची पट्टी, पन्हाळीखालची जागा, जुन्या गडग्यापलीकडचा हातभर तुकडा हे तेव्हा सांगायचं राहिलं तर नंतर सिद्ध करायला फार कष्ट पडतात.

गुंठेवारीतल्या प्लॉटांना मात्र मंजूर लेआउटच नसतो. तिथे कोपऱ्याचे दगड ही विकणाऱ्याच्या सोयीनं रोवलेली वस्तू असू शकते. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली प्लॉट नियमित करून घेताना जो नकाशा होतो, तो होईपर्यंत पक्की भिंत न घालता तारेचं कुंपण घालावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तार हलवता येते.

'बारा वर्षं झाली की जागा आपली' हा समज गावोगाव इतका घट्ट आहे की त्याबद्दल बोललं पाहिजे. १९६३ च्या मुदत कायद्यात मालकी हक्काच्या जोरावर ताबा मागायला बारा वर्षांची मुदत आहे, हे खरं. पण केवळ बारा वर्षं भिंत उभी होती एवढ्यानं जागा कुणाच्या नावावर होत नाही. मालकाच्या हक्काला उघडपणे नाकारून, सलग, त्याला कळेल अशा रीतीनं ताबा होता हे सिद्ध करावं लागतं, आणि ते सिद्ध करणाऱ्यावर ओझं मोठं असतं. ज्याची जागा गेली त्यानं मात्र या भरवशावर बसून राहू नये. भिंत चुकली असल्याचं लक्षात आलं की त्याच आठवड्यात रजिस्टर पोस्टानं एक सभ्य पत्र पाठवावं: मोजणी करून घेऊ, तोवर या भिंतीला माझी संमती आहे असं समजू नये. शेजाऱ्याशी बोलणं चालू ठेवूनही असं पत्र पाठवता येतं.

रेषा ठरली. आता भिंत त्या रेषेवर घालायची की अलीकडे? नऊ इंची विटांच्या भिंतीचा पाया दोन-अडीच फूट रुंद असतो. भिंतीची बाहेरची बाजू बरोबर हद्दीवर धरली आणि पाया दोन्हीकडे सारखा पसरला तर जमिनीखाली पाऊण फूट पाया शेजाऱ्याच्या जागेत जातो. वरून काहीच दिसत नाही, आणि शेजारी आपलं घर बांधायला खोदतो तेव्हा ते उघडं पडतं. पायासकट सगळी भिंत आपल्या हद्दीत बसली पाहिजे. एक तर भिंत तेवढी आत घ्या, नाहीतर इंजिनिअरकडून आतल्या बाजूला पसरणारा पाया आणि आरसीसी कॉलम काढून घ्या. भिंतीच्या माथ्यावरचा कोबा आपल्या बाजूला उतरता ठेवायचा. बाहेरच्या बाजूचं प्लास्टर करायला शेजाऱ्याच्या जागेत उभं राहावं लागतं, त्याची परवानगी काम सुरू करण्याआधी मागायची. गवंडी पलीकडे उतरल्यावर नव्हे.

दोघांत मिळून एकच भिंत घालणं सगळ्यात स्वस्त आणि शहाणपणाचं. शेजाऱ्यानं अर्धा खर्च दिलाच पाहिजे अशी कायद्याची सक्ती नाही, तो समजुतीचा मामला आहे. म्हणूनच तो स्टॅम्प पेपरवर लिहून ठेवावा. भिंत हद्दीच्या मधोमध आहे, खर्च कसा वाटला, दुरुस्ती कोण करणार, आणि दोघांपैकी कुणी घर विकलं तर नव्या मालकाला हा करार दाखवायचा, एवढं त्यात हवं. एक वाक्य मात्र विसरू नये: या भिंतीवर कुणीही शेड, टाकी किंवा खोलीचा भार टाकायचा नाही. आधी भिंतीला टेकून पत्रा येतो, मग पत्र्याखाली मोटारसायकल येते, मग तिथे स्वयंपाकघर होतं, आणि कुंपणाची भिंत न कळत घराची भिंत बनते.

परवानगी आणि उंची यांबद्दल थोडक्यात. मुंबई महानगरपालिकेची स्वतःची विकास नियमावली आहे. उरलेल्या महाराष्ट्राच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली लागू आहे, तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. घराच्या मंजूर नकाशात कुंपणाची भिंत दाखवलेली असेल तर वेगळा प्रश्न उरत नाही. मोकळ्या प्लॉटला नुसती भिंत घालायची असेल तर महापालिका, नगरपालिका किंवा गावात ग्रामपंचायतीकडे अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. विनापरवाना बांधकामावर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली नोटीस येऊ शकते, आणि ती बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या तक्रारीवरून येते.

राष्ट्रीय बांधकाम संहितेत आणि आपल्या नियमावलीत भिंतीच्या उंचीचं सूत्र असं आहे: समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेच्या पातळीपासून जास्तीत जास्त दीड मीटर. २.४ मीटरपर्यंत जायचं असेल तर वरचे ०.९ मीटर आरपार दिसेल असे, म्हणजे जाळीचे किंवा ग्रिलचे हवेत. उंची रस्त्याच्या मध्यापासून मोजायची आहे, आपल्या अंगणापासून नाही, ही गोष्ट भराव घालून प्लॉट उंच करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. अंगण रस्त्यापेक्षा अर्धा मीटर उंच असेल तर आतून मीटरभर दिसणारी भिंत नियमानुसार पूर्ण उंचीची झालेली असते.

कोपऱ्याच्या प्लॉटचा नियम आणखी कडक आहे आणि तो असलाच पाहिजे. दोन रस्ते मिळतात तिथे दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटरपर्यंत भरीव भिंत ०.७५ मीटरच्या वर न्यायची नाही. त्यावर हवं तर रेलिंग. वळणावरून येणाऱ्या दुचाकीला समोरून धावत येणारं मूल दिसावं यासाठी हा नियम आहे. तिथे बोगनवेल सोडून रेलिंग बुजवून टाकलं तर नियम कागदावर पाळला गेला तरी त्याचा उपयोग संपला. फाटक पूर्णपणे आत उघडलं पाहिजे, आणि गाडी चढवायचा उतार आपल्या हद्दीत संपला पाहिजे. फाटकाबाहेर रस्त्याच्या गटारावर कोबा टाकून केलेला उतार हे सार्वजनिक जागेवरचं अतिक्रमण आहे, शिवाय तिथे गटार तुंबतं. भिंत घालण्याआधी विकास आराखड्यात समोरचा रस्ता किती रुंद दाखवला आहे तेही पाहून घ्यावं. आजचा सहा मीटरचा रस्ता आराखड्यात बारा मीटरचा असेल तर रुंदीकरणाच्या रेषेच्या आत भिंत घेतलेली बरी.

आता पाणी.

२९ जून २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची कुंपणाची भिंत पलीकडच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. १५ माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. बहुतेक बिहारहून बांधकामावर आलेली. तीनच दिवसांनी, २ जुलैला, मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाच्या आवाराची भिंत झोपड्यांवर पडली आणि तीसहून अधिक जीव गेले. दोन्हीकडे एका बाजूला पावसानं भरलेली उंच जागा होती आणि दुसऱ्या बाजूला पायथ्याशी झोपलेली माणसं. ज्यांच्यावर भिंत पडली त्यांपैकी कुणाचाही ती बांधण्याशी संबंध नव्हता.

साधी कुंपणाची भिंत माणसाला आणि जनावराला अडवण्यासाठी असते. माती आणि पाणी अडवण्यासाठी ती नसते. फरक आकड्यांत पाहू. दीड मीटर उंच नऊ इंची विटांची भिंत घ्या. तिच्या एका मीटर लांबीचं वजन साधारण साडेसहाशे किलो भरतं. तिच्या मागे काठोकाठ पाणी साचलं तर त्याच एक मीटर लांबीवर पाण्याचा आडवा जोर सव्वाअकराशे किलोंच्या आसपास येतो. म्हणजे ढकलणारा जोर भिंतीच्या स्वतःच्या वजनाच्या पावणेदोनपट. उंची दुप्पट झाली की हा जोर चौपट होतो. पाण्याबरोबर भिजून फुगलेली काळी माती असेल तर तिचा दाब वेगळा. अशी भिंत चार पावसाळे टिकली तर ती मजबूत आहे असा अर्थ होत नाही. त्या चार वर्षांत पाणी काठापर्यंत चढलं नाही, एवढंच कळतं.

आपला प्लॉट शेजारच्यापेक्षा उंच असेल, किंवा मुरूम टाकून आपण तो उंच करणार असू, तर त्या बाजूला कुंपणाची नव्हे, संरक्षक भिंत हवी. ती इंजिनिअरनं हिशेब करून काढलेली असते: रुंद पाया, आरसीसी किंवा जाड दगडी बांधणी, आणि पाणी निघून जायची छिद्रं. छिद्रांसाठी तीन किंवा चार इंची पाइपाचे तुकडे भिंतीत बाहेरच्या बाजूला थोडे उतरते बसवतात, दर दीड-दोन मीटरवर एक. पाइपाच्या आतल्या तोंडाशी खडीचा थर हवा, नाहीतर पहिल्याच पावसात माती येऊन तोंड बंद होतं. हे छिद्र दिसायला क्षुल्लक, खर्च नगण्य, आणि गवंड्याला घाई असली की पहिलं गाळलं जाणारं. काम चालू असताना रोज एकदा जाऊन ही छिद्रं मोजावीत. प्लास्टर करताना ती बुजवली जातात, तेव्हा प्लास्टरनंतर पुन्हा मोजावीत.

छिद्रातून निघालेलं पाणी कुठे जाणार हा पुढचा प्रश्न. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी खालच्या जमिनीत नैसर्गिकपणे उतरू देण्याचा हक्क मान्य केलेला आहे. खालच्या मालकाला आडवी भिंत घालून तो प्रवाह अडवता येत नाही. शेजारच्या जमिनीचा आपल्या जमिनीला असलेला नैसर्गिक आधारही त्याच कायद्यानं जपला आहे, म्हणून हद्दीलगत खोल खोदताना पलीकडची माती ढासळू न देणं ही खोदणाऱ्याची जबाबदारी. पण वरच्यानंही ध्यानात घ्यावं की आपोआप पसरत उतरणारं पाणी वेगळं, आणि छताचं, अंगणाचं, टाकीचं पाणी गोळा करून पाइपातून शेजाऱ्याच्या अंगणात सोडणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला हा हक्क लागू होत नाही. उंच बाजूच्या मालकानं भिंतीच्या आतून एक चर काढून पाणी रस्त्याच्या गटाराला मिळवावं, आणि भिंतीतली छिद्रं फक्त मातीत मुरलेल्या पाण्यासाठी ठेवावीत. शेतजमिनीत कुणी पाण्याचा नैसर्गिक प्रवाह किंवा वहिवाटीचा रस्ता अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ही मुदत कित्येकांची पंचांसमोर बसण्यात निघून जाते.

सगळीकडे भिंतच हवी असंही नाही. सपाट प्लॉटला लोखंडी अँगल आणि चेन लिंकची जाळी पुरते. पाणी तिच्यातून आरपार जातं आणि पडली तरी कुणाचा जीव जात नाही. अँगल दर आठ-दहा फुटांवर काँक्रीटमध्ये रोवायचे आणि कोपऱ्याच्या अँगलला दोन्ही दिशांना तिरके टेकू द्यायचे. टेकू नसला की तार ताणताना कोपरा आत झुकतो आणि सगळी जाळी सैल पडते. कोकणात जांभ्याचा गडगा अजूनही उत्तम, विशेषतः चुना-सिमेंट न लावता रचलेला, कारण त्याच्या फटीफटीतून पाणी झिरपून जातं. मेंदी, कुंती, शेर, घायपात, करवंद यांची जिवंत कुंपणं घालणारे कमी झालेत याचं मला वाईट वाटतं. दोन पावसाळे धीर धरला तर ती भिंतीपेक्षा दाट होतात, मात्र वर्षातून दोनदा छाटणी लागते आणि फांद्या हद्दीपलीकडे जाऊ द्यायच्या नाहीत. कडेला मोठी झाडं असतील तर भिंतीसाठी ती परस्पर तोडू नयेत. शहरी भागात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि त्या कायद्यात झाडाला जाळणं किंवा इजा करणंही तोडण्यातच धरलं आहे. खोडाच्या जागी भिंतीत कमान सोडून किंवा तेवढ्याच पट्ट्यात ग्रिल लावून झाड वाचवता येतं.

कुंपणात घरची वीज सोडण्याचा विचार तर मनातही आणू नये. रानडुकरांसाठी सोडलेल्या तारेनं राखणीला गेलेली माणसं मेली आहेत, चंद्रपूरकडे वाघही मेले आहेत, आणि तार सोडणाऱ्यावर फौजदारी गुन्हा दाखल होतो. सौर कुंपण ही वेगळी चीज आहे; त्यात क्षणभराचा झटका बसतो, अखंड प्रवाह नसतो, आणि ते तयार यंत्रासकट, इशाऱ्याच्या पाट्या लावूनच बसवायचं.

उभ्या कुंपणाची देखभाल मालकाची, आणि सोसायटीत ती सोसायटीची. सोसायटीच्या उपविधींत कुंपणाची भिंत ही सामाईक खर्चातून दुरुस्त करायच्या गोष्टींत येते. मोडकळीला आलेली, पडायला झालेली भिंत उतरवण्याची नोटीस महापालिका देऊ शकते, मुंबईत तिथल्या महापालिका कायद्याच्या कलम ३५४ खाली आणि इतर महापालिकांत त्यांच्या कायद्याच्या कलम २६४ खाली. नोटिशीची वाट मात्र पाहू नये. मे महिन्यात, पहिल्या वळवानंतर, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एक फेरी मारावी. पाणी निघायच्या छिद्रांत सळई घालून ती मोकळी करावीत. फटीत उगवलेलं पिंपळाचं किंवा उंबराचं रोप बोटाएवढं असतानाच मुळासकट काढावं. आतल्या बाजूला भिंतीला टेकवून ठेवलेली वाळू, विटा, माती हलवावी. ओळंबा सोडून भिंत कललेली नाही ना ते पाहावं. आडवी भेग, विशेषतः पायथ्यापासून तिसरा हिस्सा उंचीच्या आसपास, ही सगळ्यात वाईट खूण, कारण पाण्याचा आणि मातीचा जोर तिथेच एकवटलेला असतो. भेग दिसली की तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहावी. पंधरवड्यानं भेग रेघेच्या पुढे गेलेली दिसली तर भिंतीच्या पलीकडे जे कुणी राहत असेल, गाडी लावत असेल किंवा मुलांना खेळायला सोडत असेल त्याला त्याच दिवशी सांगावं, आणि इंजिनिअरला बोलावून तेवढा भाग पाऊस लागण्याआधी उतरवून घ्यावा.